डाव्या शिंगाला उजव्याची खबर नसते

बैलाकडे लोक समोरून बघतात. मी आयुष्यभर त्याच्याकडे जास्त खालून बघितलं. त्याला दाव्यानं आडवं पाडलेलं, चारी पाय एकत्र बांधलेले, आणि मी त्याच्या पोटाशी उकिडवा बसलेला, तोंडात खिळे धरून. भोरमध्ये आमचं घर नालबंदांचं. घोड्याला नाल मारतात, बैलाला पत्री. भोरच्या आसपास घोडे कधीच संपले, पण नाव नालबंदच राहिलं.

काम सांगायला सोपं आहे. बैलाचं खूर मधोमध चिरलेलं असतं, म्हणजे एका पायाला दोन पत्र्या लागतात, एका बैलाला आठ. डांबरी रस्त्यावर खूर झिजतं, रक्ताळतं, म्हणून खाली लोखंड. खूर तासायचं, पत्री बसवायची, खिळा बाहेरच्या मेलेल्या भागातून काढायचा आणि टोक वळवायचं. खिळा जरा आत गेला की जिवंत भागात घुसतो आणि बैल महिनाभर लंगडतो. हा जरासा फरक हातानं ओळखायचा, कारण खुराच्या आत बघता येत नाही.

आता ट्रॅक्टर आहेत, पॉवर टिलर आहेत. सारोळे, कामथडीकडे हायवेला लागून जी शेतं आहेत तिथं वर्षात हाताच्या बोटांवर मोजावेत इतके बैल माझ्यासमोर आडवे होतात. पण वेल्ह्याकडे डोंगराच्या उतारावर भाताची खाचरं परातीएवढी. तिथं यंत्र उतरवायचं म्हणजे चार माणसांनी उचलून उतरवायचं. तिथं अजून बैलजोडी आहे, म्हणून अजून मी आहे. मोटरसायकलला पेटी बांधतो आणि फिरतो.

अब्बांनी मला पहिली गोष्ट शिकवली ती पत्री मारायची नव्हती. एकदा एक बैल पुढच्या उजव्या पायानं लंगडत आला. मी लगेच त्या पायाला हात घातला. अब्बा म्हणाले, "तो सोड. डावा धर आधी." मी म्हटलं, डाव्याला काय झालंय? ते म्हणाले, "काही झालं नाही, म्हणूनच. चांगला पाय कसा लागतो ते हाताला कळू दे. मग दुसऱ्याला हात लाव, तुला विचारावं लागणार नाही."

मी तसं केलं. डावं खूर गार होतं. उजवं धरलं आणि कोमट लागलं. फक्त उजवं धरलं असतं तर ते कोमट आहे हे मला कळलंच नसतं. कोमट कशापेक्षा? माप बैलाच्याच अंगावर, दुसऱ्या बाजूला ठेवलेलं होतं.

त्या दिवसापासून मला जनावरात ही एकच गोष्ट दिसते. नाकपुड्यांच्या मधून निघून पाठीच्या कण्यावरून शेपटीपर्यंत एक रेघ जाते. ती काढलेली नसते, पण असते. रेघेच्या अलीकडे जे आहे तेच पलीकडे, उलटं करून. पत्र्याही तशाच. भोकं पाडायच्या आधी उजव्या नखीची, म्हणजे खुराच्या उजव्या अर्ध्याची, पत्री पालथी घातली की ती डाव्याची होते. कामाला बसण्याआधी मी आठही पत्र्या जमिनीवर जोडीजोडीनं मांडतो. लोकांना वाटतं मी मोजतोय. मी नुसता बघत असतो.

हे असं का, हा प्रश्न मला लहानपणापासून होता. अब्बा म्हणायचे, बनवणाऱ्याला आवडलं. मला ते पुरायचं आणि पुरायचंही नाही. वेल्ह्याकडच्या जनावरांच्या दवाखान्यात एक डॉक्टरीण आल्या, वयानं माझ्यापेक्षा खूप लहान, पण कामाला घट्ट. गोठ्यात एखादी गाय विण्याची वाट बघत आम्ही बसलो असलो की मी त्यांना विचारायचो. त्यांनी मला एकदा उलटं विचारलं, "चाचा, झाडाला पुढची बाजू असते का?"

मी म्हटलं, नसते.

"का नसते? कारण ते जात नाही कुठं. ऊन-वारा सगळीकडून येतो. म्हणून ते सगळीकडून सारखं, गोल. सोनकीचं फूल बघा, कुठूनही मधमाशी आली तरी चालतं. पण जो चालतो त्याला पुढं लागतं. पुढं तोंड, डोळे, नाक. मागं शेपूट. खाली जमीन, म्हणून खाली पाय. पुढं आणि मागं वेगळं झालं, वर आणि खाली वेगळं झालं. उरलं काय?"

"डावं-उजवं."

"त्यात काय फरक आहे? गवत डावीकडंही असतं, उजवीकडंही. बिबट्या कुठूनही येतो. वेगळं करायला काही कारणच नाही. आणि सरळ चालायचं तर दोन्ही बाजू सारख्याच लागतात. एक पाय आखूड असलेला बैल गोल गोल फिरेल."

इतकी वर्षं मी मांडलेल्या पत्र्यांकडे बघून जे शोधत होतो, ते एवढं साधं होतं. मग त्यांनी मला गायीच्या डाव्या कुशीवर हात ठेवायला लावला. आत ढग गडगडावा तसं काहीतरी फिरत होतं. पोटाचा मोठा कप्पा पूर्ण डावीकडे. उजवीकडे तो नाही. "आत बघायला गेलं तर फारसं काही सारखं नाही," त्या म्हणाल्या. "आतल्याला चालायचं नसतं, फक्त मावायचं असतं. ज्याचा रस्त्याशी संबंध, ते सारखं."

"आणि शिंगं?" मी विचारलं. "डावं शिंग उजव्याकडे बघून वाढतं का?"

"त्याला उजव्याची खबर नसते. दोघांना एकच नकाशा दिलेला असतो. दोघं आपापले वाढतात आणि शेवटी जुळतात. हे कसं इतकं नीट जुळतं, ते आम्हालाही पूर्ण कळलेलं नाही, चाचा."

ते वाक्य ऐकून मी घरी येईपर्यंत मोटरसायकल हळूहळू चालवली. दोन कारागीर, दोन वेगळ्या खोल्यांत, एकमेकांचा आवाजही नाही, वर्षानुवर्षं काम करतात आणि बाहेर येऊन ठेवतात तेव्हा जोडी होते. माझ्या स्वतःच्या हातून एका बैठकीत आठ पत्र्या सारख्या होत नाहीत.

शिंगांचं मी विचारलं त्याला कारण होतं. पत्रीइतकंच माझं नाव शिंगं साळण्यात होतं. बेंदूर, म्हणजे आमच्याकडचा बैलांचा सण, आला की शिंगं कानशीनं घासून गुळगुळीत करतात, वाकडेपणा काढतात, मग हिंगूळ, म्हणजे तांबडा रंग लावतात, टोकाला पितळी शेंब्या बसवतात. जोडीतल्या दोन बैलांची चार शिंगं एका साच्यातून काढल्यासारखी दिसली पाहिजेत, अशी हौस. मी ते करायचो आणि लोक लांबून यायचे. नसरापूरच्या बाजारात मी बसलो की कानशीचा आवाज ऐकून माणसं थांबायची.

सारोळ्याचे एक गृहस्थ शर्यतीचे बैल बाळगायचे. शिंगं साळून झाली की मोबाईलवर फोटो काढायचे, त्या फोटोवर बोटानं मधोमध रेघ ओढायचे आणि दोन्ही बाजू ताडून बघायचे.

"नालबंद, डावं जरा भरलंय."

"किती?"

"केसभर."

मी त्यांचाच मोबाईल घेतला, त्यांचा फोटो काढला, तशीच रेघ ओढली आणि परत दिला. "मिशी बघा. उजवीकडं जास्त आहे. कानस आहे हातात, घेऊ?"

बाजूची माणसं हसली. ते गृहस्थ रागावले नाहीत. मिशीवर बोट फिरवत म्हणाले, "बायको रोज बघती, तिनं कधी सांगितलं न्हाई."

"काकूंना मधोमध रेघ ओढायला वेळ नसेल."

तेव्हा मी हसलो. पण त्या माणसाच्या डोक्यात जे होतं तेच माझ्याही डोक्यात होतं. सारखं दिसलं नाही की ते चुकलं, आणि चुकलं की घासून काढायचं. का सारखं नाही, हे विचारायचं मला सुचत नव्हतं. अब्बांनी खुरापाशी शिकवलेलं मी शिंगापाशी विसरलो होतो.

वेल्ह्याच्या वर, डोंगराच्या पोटात एक वाडी आहे. तिथल्या एका घरात बबनतात्या आणि पारूकाकू हे दोघंच राहतात, मुलं पुण्याला. त्यांची जोडी म्हणजे पाखऱ्या आणि भिंगऱ्या. दोन्ही घरच्याच गायींचे, वासरं असल्यापासून एका जुवाखाली. पाखऱ्या डावीकडे चालायचा. पत्रीही मीच मारायचो आणि शिंगंही मीच साळायचो, पहिल्या वर्षापासून.

तीन वर्षांपूर्वीचा बेंदूर. मी पोहोचलो तेव्हा पारूकाकू पाखऱ्याला धुवत होत्या. त्याचं डावं शिंग किंचित खाली आलेलं दिसलं, नेहमीच्या वळणापेक्षा जरा बाहेर.

तात्या म्हणाले, "यंदा ह्येचं शिंग पडलंय बघा. सारकं करा जरा."

काकू म्हणाल्या, "दादा, शिंगाचं ऱ्हाऊद्या. ह्यो मान वाकडी करतोय. दावणीला डोकं घासतोय सारकं. बघा की कायतरी."

मी शिंग हातात धरलं. ते गरम होतं, हे मला आठवतं. तेव्हाही कळलं होतं. पण ऊन पडलं होतं आणि मी मनाशी म्हटलं, उन्हानं असेल. दुसरं शिंग हातात धरलं नाही. एवढंच करायचं होतं, दुसरा हात उचलून पलीकडच्या शिंगावर ठेवायचा होता.

मी म्हटलं, "काकू, शिंग एका बाजूला जड झालंय. हलकं केलं की मान सरळ."

"तसं आसंल तर बरं," त्या म्हणाल्या, आणि बादली उचलून गेल्या.

मी कानस चालवली. बाहेरून घासलं, खालून घासलं, दोन्ही शिंगं डोळ्याला सारखी दिसेपर्यंत. पाखऱ्या डोकं मागं ओढत होता, म्हणून तात्यांनी त्याची वेसण आखडून धरली. मग हिंगूळ. जोडी गावातून निघाली तेव्हा चार लोक म्हणाले, काय हात आहे. मी ते ऐकून घेतलं.

भातलावणी झाली, पाऊस ओसरला आणि तात्यांचा फोन आला. "नालबंद, शिंगाला कायतरी झालंय. या." त्यांनी डॉक्टरांना नाही, मला फोन केला. शिंगाचा माणूस मी होतो.

पाखऱ्या गोठ्यात मान डावीकडे टाकून उभा होता. डाव्या नाकपुडीतून पातळ, लालसर पाणी येत होतं. शिंग मुळाशी हलत होतं. या वेळी मी दोन्ही तळवे एकदम ठेवले. उजवं शिंग गोठ्यातल्या खांबासारखं गार. डावं तव्यासारखं.

मी डॉक्टरीणबाईंना फोन केला. त्या आल्या, हात लावला आणि पहिलं वाक्य बोलल्या ते, "हे याच वर्षाचं नाही." शिंगाच्या आत, मुळापाशी कर्करोग होता. शिंग आतून पोकळ असतं आणि ती पोकळी कपाळाच्या हाडात उघडते, हे मला तेव्हा कळलं. इतकी वर्षं मी ज्याला नुसतं लाकूड समजून घासत होतो त्याच्या आत श्वास जात होता.

मी त्यांना अंगणात गाठून विचारलं, "माझ्या साळण्यानं झालं का?"

त्यांनी नुसतं "नाही" म्हणून मला मोकळं केलं नाही, त्याबद्दल मी त्यांचा आभारी आहे. "एकच कारण कुणी सांगू शकत नाही. जुवाचं घासणं असतं, ऊन असतं, रंग असतात. साळण्यानंही त्रास होतो असं आम्ही मानतो. पण या एका शिंगात कशानं झालं, हे मी शपथेवर सांगणार नाही."

"आणि बेंदराला ओळखलं असतं तर?"

"तर लवकर ओळखलं असतं," एवढंच त्या म्हणाल्या.

शिंग मुळापासून काढायचं ठरलं. काढूनही तो रोग परत येऊ शकतो, हेही त्यांनी तात्यांना नीट सांगितलं. तात्या खाली बघून म्हणाले, "त्याच्याबिगर भिंगऱ्या दुसऱ्याबरं चालायचा न्हाई. दोगं मिळून येक हायेत ते." पाखऱ्या गेला तर जोडी गेली, आणि जोडी गेली तर त्या खाचरांत पुन्हा भात लागणार नाही, हे तिथं उभ्या असलेल्या सगळ्यांना कळत होतं.

जागा बधिर केल्यावर पाखऱ्याचं डोकं मी मांडीवर धरलं. आजवर मी बैलांना पाडून माझं काम केलं होतं, दुसऱ्याच्या कामासाठी बैलाला धरायची ती पहिली वेळ. त्याचा डोळा माझ्या गुडघ्यापाशी होता, उघडा. शिंग निघालं तेव्हा कपाळात एक भोक दिसलं आणि त्यातून त्याच्या श्वासाची वाफ वर आली. मी नजर फिरवली नाही. माझी कानस त्या दारावर इतकी वर्षं खरवडत होती, तर दार बघणं भाग होतं.

जखम भरायला बराच काळ गेला. मी दर आठवड्याला वर जायचो. पत्रीचं काम नसलं तरी जायचो. तात्यांना वाटायचं मी औषधपाण्याला मदत करायला येतो. काकूंना खरं कारण माहीत होतं. एकदा त्यांनी ओढ्यातून खेकडे धरून आणले होते, त्यातला एक चुलीपाशी माझ्यापुढे धरला. त्याची एक नांगी दुसरीच्या दुप्पट.

"ह्यो बघा दादा. ह्येला कुणी साळला?"

"काकू, तो आडवा चालतो."

"आडवा चालतो पर सरळ बिळात जातो. त्येला कुणी म्हनत न्हाई का येक नांगी ल्हान कर." त्यांनी तो पातेल्यात टाकला. "जेवून जा. आन् रोज रोज त्वांड पाडून येऊ नका. बैल घाबरतो."

खोट झाली ती वेगळीच. एकीकडे शिंग, दुसरीकडे काही नाही. डोकं उजवीकडे कलायला लागलं, शिंगाच्या वजनानं. जुवाखाली मान तिरकी, भिंगऱ्याची ओढ वेगळी, पाखऱ्याची वेगळी, नांगर वाकडा. वाडीतली माणसं सांगायला लागली, उजवंही काढून टाका, डोकं सारखं होईल. तात्याही त्याच मताला आले. मला जेवायला बोलावून म्हणाले, "तुमी म्हनाल तसं. तुमचा हात हाय ह्यात."

माझा हात आहे यात, हे त्यांनी सरळ मनानं म्हटलं होतं. मला ते जेवणाच्या ताटासकट आठवतं.

मी म्हटलं, "तात्या, मी पुन्हा सारखं करणार नाही. थांबू या. तो काय करतो ते बघू."

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, निरोगी शिंग काढायचं कारणच नाही. मग आम्ही थांबलो. तात्यांनी त्याला जड कामाला जुंपणं सोडलं, फक्त रोज रिकामं जू मानेवर ठेवून भिंगऱ्याबरोबर ओढ्यापर्यंत चालवायचे. पहिले काही आठवडे पाखऱ्या उजवीकडे झोक खात चालायचा.

मग उन्हाळ्याच्या तोंडाला मी पत्र्या बदलायला वर गेलो. तात्या जोडी घेऊन ओढ्यावरून येत होते. मी लांबून बघितलं. दोन डोकी एका पातळीत येत होती. मला वाटलं उताराचा भास असेल. जवळ आले, थांबले, तरीही पाखऱ्याचं डोकं सरळच.

मी पाखऱ्याच्या मानेवर दोन्ही बाजूंनी हात ठेवले, वशिंडापासून कानापर्यंत. डावीकडची मान भरली होती. दोरखंडासारखा स्नायू उठला होता, उजवीकडे तो तसा नव्हता. शिंगाचं वजन उजवीकडे होतं, ते तोलायला डावी बाजू रोज ओढत राहिली होती आणि ओढून ओढून जाड झाली होती. डोकं सरळ राहावं म्हणून मान वाकडी वाढली होती. कुणी कानस चालवली नाही, कुणी माप घेतलं नाही.

तात्यांनी विचारलं, "काय झालं?" मी त्यांचा हात धरून पाखऱ्याच्या मानेवर ठेवला. जन्माला येताना एक नकाशा मिळतो हे मी ऐकलं होतं. नकाशातलं अर्धं गेल्यावरही ते जनावर उरलेल्यातून सरळ रेघ शोधून काढतं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. माझाच उजवा खांदा हातोडीनं खाली आला आहे, डावं ढोपर उकिडवं बसून आखडलं आहे, आणि तरी मी सरळ चालतो. कसा चालतो, हे मी कधी विचारलं नव्हतं.

त्या वर्षी खाचरांत भात लागला, त्याच जोडीवर.

आता मी शिंगं साळत नाही. बेंदराला लोक येतात, मी हिंगुळाऐवजी तेलाचा हात फिरवून देतो. काही जण रागावून दुसरीकडे जातात. सारोळ्याचे गृहस्थ मात्र अजून येतात, मिशी आता पूर्ण काढलेली. पाखऱ्याचं शिंग का गेलं, याचं उत्तर मला मिळालेलं नाही आणि मिळणार नाही. गरम लागलं होतं आणि मी दुसरा हात उचलला नाही, एवढं मात्र नक्की, आणि ते माझ्याबरोबर राहील.

या वर्षी बेंदराला वर गेलो. काकूंनी पाखऱ्याला धुऊन उभा केला होता. एका शिंगाला झेंडूची माळ, आणि जिथं शिंग नव्हतं तिथं, त्या भरलेल्या गोल वणावर, त्यांनी हळदीचं बोट लावलं होतं.

मी म्हटलं, "काकू, दुसऱ्या नालबंदाला बोलवायचं मनात आलं नाही तुमच्या?"

"दुसरा कशाला?" त्या म्हणाल्या. "त्येला ह्येचं डावं-उजवं कुठं ठावं? बगा लवकर, नैवेद्य थांबलाय."

डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं, दुखणं परत आलं तर तिथंच येईल. मी पाखऱ्याच्या समोर उभा राहिलो, नाकाशी नाक. उजव्या बाजूला शिंगाच्या मुळावर एक तळवा ठेवला आणि डाव्या बाजूला वणावर दुसरा. डोळे मिटले.

दोन्ही तळवे सारखेच गार लागले.